फाळक्यांचा वाटाणा: रोज एक फ्रेम की एका मिनिटात छत्तीस हिशोब?

पेटची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीनं विचारलं, "सिनॉप्सिसमध्ये पायलट डेटा कशाला लागतो गं? संशोधन तर अजून सुरूच व्हायचंय." उत्तर द्यायला गेले तेव्हा डोक्यात आलं ते आमच्या विभागातलं कुठलंच उदाहरण नव्हतं. आठवला तो दादासाहेब फाळक्यांचा वाटाणा. म्हणून आजचा लेख थोडा आडवाटेनं जाणार आहे. मी वनस्पतिशास्त्राची, सिनेमाची नाही. पण हा वाटाणा आमच्याही हद्दीत येतो.

आधी गोष्ट, जशी बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते तशी. १९१२. फाळके चाळिशी ओलांडलेले. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात नकाशे काढणं, लोणावळ्याला राजा रविवर्म्याच्या छापखान्याचं काम, मग स्वतःचा छापखाना, असं सगळं करून झालेलं. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून हा माणूस फेब्रुवारीत लंडनला गेला, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ठरवला आणि एप्रिलमध्ये परत आला. आता कॅमेरा आहे, पण चित्रपट काढायला पैसा नाही. आणि पैसा देणाऱ्यांना हिंदुस्थानात बसून एक माणूस सिनेमा तयार करू शकतो हेच पटत नाही.

मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा लावला. महिनाभराहून जास्त काळ रोपाची वाढ टिपली आणि 'अंकुराची वाढ' नावाची छोटीशी फिल्म तयार करून निवडक लोकांना दाखवली. बी फुटतं, कोंब वर येतो, वेल चढतो, सगळं डोळ्यांदेखत. ते पाहून यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहरे अशा मंडळींनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

पायलट डेटा म्हणजे हेच. सबंध चित्रपट दाखवायचा नव्हता. "यंत्र माझ्या हातात आहे, मला ते चालवता येतं आणि यातून पाहण्यासारखं काही निघतं" एवढंच सिद्ध करायचं होतं. एक कुंडी पुरली.

मैत्रिणीला एवढं सांगून मी गप्प बसायला हवं होतं. पण आपल्याला सवय वाईट. लिहिलेला आकडा दिसला की कॅल्क्युलेटर उघडायचा. या गोष्टीत दोन आकडे नेहमी जोडीनं येतात. एक, फाळके रोज एक फ्रेम घ्यायचे, असं महिनाभराहून जास्त. दोन, तयार फिल्म एक मिनिटाहून थोडी मोठी होती.

हे दोन्ही एकत्र बसत नाहीत!

मूकपटाच्या काळात फिल्म साधारण सेकंदाला १६ फ्रेम या गतीनं चालायची. प्रोजेक्टर हातानं फिरवायचे, त्यामुळे गती कमीजास्त व्हायची हे खरं, पण १६ धरून चालू. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे एक फूट म्हणजे एक सेकंद, हिशोबाला फार सोपं. एका मिनिटाला ९६० फ्रेम. रोज एक फ्रेम घेतली तर ३० दिवसांत होतात ३०. म्हणजे दोन सेकंदांपेक्षाही कमी. पापणी लवली तर वाटाणा उगवून जाईल. एक मिनिट भरायचं तर ३० दिवसांत रोज ३२ फ्रेम हव्यात, दीड महिना धरला तरी रोज एकवीस-बावीस. चूक दहा-वीस टक्क्यांची असती तर मी सोडून दिली असती. ही वीस-तीस पटींची आहे.

मधला एक मार्ग सुचतो. त्या काळच्या हँडलच्या कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्यात साधारण ८ फ्रेम पुढे सरकायच्या. 'रोज एकदा' याचा अर्थ 'रोज हँडलचा एक फेरा' असा असू शकतो का? तरी ३० दिवसांच्या २४० फ्रेम, म्हणजे १५ सेकंद. मिनिट भरत नाहीच. शिवाय त्या आठही फ्रेममध्ये रोप जागच्या जागी, आणि दुसऱ्या दिवशी एकदम उडी.

कागदावर इथपर्यंतच जाता येतं. फिल्म आज आपल्यासमोर नाही, त्यामुळे तिच्यावरच्या फ्रेम मोजून वाद मिटवता येत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला अशा वेळी एक सोय असते: करून बघायचं.

हिवाळ्यात मी घरी, वडनेरला होते. किराणा दुकानातला पांढरा वाटाणा आणला, रात्रभर भिजवला, कुंडीत पाच दाणे लावले, कडेला तुरीची वाळकी काडी रोवली. जुना फोन खिडकीच्या लोखंडी गजाला बांधला आणि सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर २० मिनिटांनी एक फोटो, असं लावून दिलं. तासाला तीन, दिवसाला ३६. असं ३२ दिवस. एकूण ११५२ फोटो, १६च्या गतीनं ७२ सेकंद. एका मिनिटाहून थोडं जास्त. हा आकडा मी मुद्दामच असा जुळवून घेतला होता, हे सांगून ठेवते.

अकराव्या दिवशी घोटाळा झाला. वेचलेला कापूस घरात आला, खोलीत गंजी लावायची होती, आणि बाबांनी कुंडी उचलून दुसऱ्या खिडकीत ठेवली. मी वर्ध्याला गेले होते. संध्याकाळी परत येऊन बघते तर सात फोटोंमध्ये नुसती भिंत. बाबांना म्हटलं तर ते म्हणाले, "कुंडीच तं सरकवली, झाड थोडी उपटलं." कुंडी खुणेनं जागेवर ठेवली तरी फिल्ममध्ये तो झटका दिसतोच. ते सात फोटो काढून टाकायचा मोह झाला होता. ठेवले. पाव-अर्ध्या सेकंदाची भिंत.

मग त्याच फोटोंमधून तीन फिल्म बनवल्या. पहिली, रोजचा दुपारी बाराचा फक्त एक फोटो: ३२ फ्रेम, दोन सेकंद. दुसरी, तोच फोटो आठ-आठ वेळा: १६ सेकंद. तिसरी, सगळे फोटो: ७२ सेकंद. फाळक्यांनी फिल्म दाखवली ती पैसे देऊ शकणाऱ्या लोकांना, म्हणजे खरा प्रश्न असा की यातलं काय बघून एखादा शहाणा माणूस खिशात हात घालेल? आईला आणि बाबांना न सांगता तिन्ही दाखवल्या.

पहिलीवर आई म्हणाली, "झालं? काहीच तं नाही दिसलं." दुसरीवर, "हे टपकून रायलं." रोप खरंच टप्प्याटप्प्यानं आदळल्यासारखं वर येतं, लग्नाच्या अल्बमची पानं उलटावी तसं. तिसरी सुरू झाली आणि दोघंही गप्प झाले. त्यात वाटाणा उगवत नाही नुसता, तो डोकं फिरवतो. कोंबाचं टोक हळूहळू गोल फिरत वर जातं. डार्विननं १८८०च्या पुस्तकात या हालचालीवर प्रकरणंच्या प्रकरणं लिहिली आहेत, काचेवर टिंबं काढून काढून. आम्ही एमएस्सीला तिची व्याख्या पाठ केली होती. नंतर तणावा हवेत चाचपडतो, काडी सापडली की तिला विळखा घालतो. बाबा म्हणाले, "हे जित्तं आहे बे."

दोन प्रेक्षकांचा नमुना, तोही घरचा, त्यातही मोबाइलवर रोज व्हिडिओ बघणारा. १९१२च्या माणसाचा डोळा यांच्याकडे नाही. यावरून फाळक्यांनी दिवसाला किती फ्रेम घेतल्या हे सिद्ध होत नाही. पण 'रोज एक' हे वाक्य मात्र माझ्यापुरतं बाद झालं. दोन सेकंदांच्या फिल्मवर कुणी कर्ज देत नाही, आणि ज्या माणसानं आयुष्यभर छपाई आणि फोटोग्राफीत हात काळे केले त्याला हा हिशोब ठाऊक नसणं शक्य नाही. मला वाटतं, 'रोज एक फ्रेम' हे सांगायला सुटसुटीत वाक्य आहे म्हणून टिकलं. चिकाटीची गोष्ट त्यात छान बसते. दिवसाला तीस वेळा कॅमेऱ्याजवळ जाणं ही तर त्याहून मोठी चिकाटी, पण ती एका वाक्यात मावत नाही.

असं रोपांचं चित्रण फाळक्यांच्या आधी झालेलं होतं. जर्मनीत लाइपझिगला पेफर या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८९८ ते १९०० दरम्यान रोपांच्या हालचाली अशाच टिपल्या होत्या, वर्गात दाखवायला. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथची 'द बर्थ ऑफ अ फ्लॉवर' १९१०ची. तेव्हा 'जगात पहिलं' वगैरे लिहायच्या भानगडीत पडू नका. फाळक्यांचं वेगळेपण हे की त्यांनी रोपाला जामीन म्हणून उभं केलं.

"पण हे ॲनिमेशन आहे का?" हा प्रश्न येणारच. काटेकोर बघितलं तर रोप स्वतः हलतं, आपण फक्त मधला वेळ गाळतो. ॲनिमेशनमध्ये निर्जीव वस्तू आपण हलवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा हलवायची. कॅमेऱ्याच्या बाजूनं मात्र काम एकच: एक फ्रेम, थांब, एक फ्रेम. जो माणूस महिनाभर वाटाण्यासमोर हे करू शकतो त्याला काडेपेटी द्यायचाच अवकाश.

तो दिवस १९१५ मध्ये आला. तोवर फाळके नाशिकला गेले होते. १९१४ मध्ये तीन चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला जाऊन आले आणि महायुद्ध पेटलं. कच्ची फिल्म मिळेना, पैसे लावणारे मागे सरले. मोठा पौराणिक चित्रपट काढणं अशक्य. त्या कोंडीत त्यांनी छोट्या फिल्म केल्या, त्यातली एक 'आगकाड्यांची मौज'. काड्यापेटीतल्या काड्या आपोआप हलतात, आकार धरतात. फ्रान्सच्या एमिल कोलनं १९०८ मध्ये काड्यांवर अशीच फिल्म केली होती आणि फाळक्यांच्या फिल्मचा धागा तिच्याशी जोडला जातो. काड्यांना पगार लागत नाही, पोशाख लागत नाही, आणि चुकली तरी थोडीच फिल्म वाया जाते. ही फिल्मही आज उरलेली नाही.

आपल्याकडच्या ॲनिमेशनचा इतिहास वाचताना सुरुवात बहुधा १९५६ पासून केलेली दिसते: फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग, डिस्नेमधून शिकवायला आलेले क्लेअर वीक्स, १९५७ची 'द बनियन डिअर'. मधल्या काळातला उल्लेख झालाच तर १९३४चा, कोलकात्याची 'द पी ब्रदर्स' (पुन्हा वाटाणाच!) आणि प्रभातची 'जंबू काका'. अशी मांडणी केली की स्टुडिओ आधी आणि त्यातून बाहेर पडलेले स्वतंत्र कलाकार नंतर, असं वाटायला लागतं. पण फाळके ज्याच्या 'बाहेर' असतील असा स्टुडिओ १९१२ मध्ये होताच कुठे? आपल्याकडे एकट्यादुकट्याचं काम आधी झालं, मोठी संस्था चार दशकांनी आली. तुमच्या विषयाचा इतिहास लिहिताना पहिली तारीख कुठली घेता यावर पुढची सगळी गोष्ट ठरते, हे मला इथे कळलं. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या प्रकरणातली पहिली तारीख मी त्यानंतर बदलली.

संस्थेतून बाहेर पडणंही पुढे झालंच. भीमसेन खुराणा फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वभूमीची चित्रं रंगवायचे, तिथेच राम मोहन यांच्याकडे ॲनिमेशन शिकले, आणि स्वतंत्रपणे केलेल्या 'द क्लाइम्ब'ला १९७० मध्ये शिकागोचा सिल्व्हर ह्युगो मिळाला. १९७४ची 'एक अनेक और एकता' दूरदर्शनवर पाहिली नाही असा माणूस आपल्या आईवडिलांच्या पिढीत सापडणं कठीण. त्यातलं ॲनिमेशन भीमसेन यांचं, आणि दिग्दर्शन मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांचं. हे दुसरं नाव माझ्या ओळखीतल्या एकालाही सांगता आलं नाही.

राम मोहन यांनी १९७२ मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला. जे. जे.मधून उपयोजित कला शिकलेल्या गीतांजली राव तिथे ॲनिमेशन शिकल्या. पुढे जवळपास एकटीनं, फ्रेमन् फ्रेम रंगवत, त्यांनी पंधरा मिनिटांची 'प्रिंटेड रेनबो' केली. २००६ मध्ये कानच्या क्रिटिक्स वीकमध्ये तिला पुरस्कार मिळाले. मुंबईतली एकटी म्हातारी, तिची मांजर, आणि म्हातारीनं जमवलेल्या काडेपेट्या. पेटीवरच्या चित्रात शिरून ती दुसऱ्याच जगात जाते. 'आगकाड्यांची मौज'नंतर ९१ वर्षांनी पुन्हा काडेपेटी! याला मी दुवा म्हणणार नाही, गाइडनी लाल पेन काढलं असतं. योगायोगच तो. पण वाचताना मजा वाटली.

वाटाण्याला आता फुलं आली आहेत. फोन अजून गजालाच आहे, कारण शेंग धरताना काय दिसतं ते बघायचंय, आणि यावेळी कुंडीवर खडूनं लिहून ठेवलंय: हलवू नये.