चंद्रकांता आली, मंजुघोषा राहिली

१९९४-९५ सालातली मारेगावची रविवार सकाळ आठवते. ज्या घरी टीव्ही असेल तिथं पोरं ओसरीवर जमायची. कृष्णधवल संच. एक जण कवेलूंवर चढून अँटेना फिरवणार, खालून दुसरा ओरडणार, ‘आलं, आलं... गेलं ना बे!’ मग ‘चंद्रकांता’ सुरू व्हायची आणि सोमवारी शाळेत प्रत्येक पोरगा भुवया उडवत क्रूरसिंगासारखं ‘यक्कू’ म्हणायचा.

नीरजा गुलेरींनी दूरदर्शनसाठी केलेली ही मालिका. विजयगढची राजकन्या चंद्रकांता आणि नौगढचा राजपुत्र वीरेंद्र यांचं प्रेम, दोन्ही घराण्यांचं वैर. शिखा स्वरूप नायिका होती. ऐयार बद्रीनाथ झालेला उंच, डोळ्यांनी बोलणारा नट म्हणजे इरफान खान, हे आम्हांला फार नंतर कळलं.

मूळ कादंबरी देवकीनंदन खत्रींची, १८८८ सालची. खत्री बनारस संस्थानातल्या चकिया-नौगढच्या जंगलांचे ठेकेदार होते. सागवानाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला हे वाचून गंमत वाटते. ठेकेदार जंगलात शिरतो तो झाडं मोजायला. या गृहस्थाला तिथल्या पडक्या किल्ल्यांत आणि भुयारांत तिलिस्म दिसलं. पुस्तक इतकं गाजलं, की ते वाचण्यासाठी कितीतरी लोक देवनागरी शिकले असं सांगतात.

एक फरक मात्र लक्षात घ्यावा. खत्रींच्या कादंबरीत जादू जवळजवळ नाहीच. ऐयार वेष पालटतात, बेशुद्धीची पूड हुंगवतात. तिलिस्म म्हणजे कळ, चक्रं, गुप्त दरवाजे. अद्भुत वाटणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागं काहीतरी युक्ती असते. मालिकेनं ती जागा चमत्कारांना दिली. आम्हां पोरांना तेच आवडलं, पण नंतर पुस्तक वाचल्यावर खत्रींची हुशारी मला अधिक वाटली.

आता आपल्याकडचं. मराठीत अशा कथा खत्रींच्या आधीच आल्या होत्या. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. प्रेम, ताटातूट, संकटं, पुन्हा भेट, सगळा मालमसाला तोच. त्या काळी या कादंबऱ्या आवडीनं वाचल्या गेल्या. पण खत्री ‘चंद्रकांता’ लिहीत होते त्याच दशकात, १८८५ साली, हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ आली. मराठी कादंबरी वाड्यातल्या माजघरात शिरली. विधवांचं, मुलींच्या शिक्षणाचं दुःख बोलू लागली. ते व्हायलाच हवं होतं. मात्र टीकाकारांनी त्यानंतर आधीच्या कादंबऱ्यांवर ‘अद्भुतरम्य’ अशी चिठ्ठी डकवून त्या माळ्यावर टाकल्या. एम. ए.च्या परीक्षेपुरत्या त्या खाली उतरतात.

हिंदीनं खत्रींना असं टाकलं नाही. २०१७ साली तर दोन वाहिन्यांनी एकाच वर्षी ‘चंद्रकांता’ नव्यानं केली. माझ्या मते दोन्हींना जुनीची सर नव्हती. त्यात ओसरीवरच्या आठवणींचा भाग किती, देव जाणे.

आणि दमयंती? ती तर विदर्भाचीच लेक. महाभारताच्या वनपर्वात तिची कथा आहे, रघुनाथ पंडितांनी तिचं स्वयंवर मराठीत गायलं. हंसाच्या तोंडून वर्णन ऐकून जडलेलं प्रेम, स्वयंवराला नळाचं रूप घेऊन बसलेले चार देव, द्यूत, वनवास, एका रात्री अर्ध्या वस्त्रानिशी टाकून गेलेला नवरा आणि त्याला युक्तीनं हुडकून काढणारी बायको. मारेगावच्या त्या ओसरीवर आम्ही नौगढ-विजयगढचं वैर तोंडपाठ केलं. दमयंती आमच्याच मुलखाची, हे मला कळलं ते कॉलेजात गेल्यावर.