समजणे

‘समजणे’ हे क्रियापद संस्कृत ‘सम्’ अधिक ‘बुध्’ यावरून प्राकृतमार्गे मराठीत आले. ‘बुध्’ म्हणजे जागे होणे. बुद्धी, बोध, बुद्ध ही त्याच घरातली मंडळी. समजणे म्हणजे मुळात नीट जागे होणे.

ग्रंथालयशास्त्राला ही जाग फार मोलाची वाटते.

१९६८ साली या शास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी वाचकाच्या प्रश्नाच्या चार पायऱ्या मांडल्या: मनातली अस्पष्ट गरज, तिची जाणीव, नेमका प्रश्न आणि शेवटी ग्रंथालयाला झेपेल असा बेतलेला प्रश्न. काउंटरवर पोचतो तो हा चौथा. ‘शेतीची पुस्तकं आहेत का?’ असे विचारणाऱ्याला कदाचित डाळिंबावरच्या तेल्या रोगाची माहिती हवी असते. जाणता ग्रंथपाल लगेच कपाटाकडे वळत नाही. आधी ‘कोणतं पीक?’ असे विचारतो. त्या उलटप्रश्नाने वाचकालाही आपली गरज नेमकी उमगते.