कोविडच्या यादीत नसलेली माणसं

कोविडचा इतिहास म्हटला की आपल्याला ऑक्सिजनसाठीची धावपळ आणि पायी निघालेले मजूर आठवतात. त्याच दिवसांत हृदयविकाराचे रुग्ण दवाखान्यांत येईनासे झाले होते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

सुरुवातीची एक नोंद हाँगकाँगच्या क्वीन मेरी हॉस्पिटलची, २०२०च्या जानेवारीअखेरीची. छातीत कळ आल्यापासून वैद्यकीय मदतीपर्यंत पोहोचायला आदल्या वर्षी साधारण ८२ मिनिटं लागत. आता ३१८ लागू लागली. रुग्ण अवघे सात होते, पण पुढे काय होणार याची ती चाहूल होती. मग उत्तर इटली. तिथल्या १५ रुग्णालयांत हृदयाच्या तातडीच्या दुखण्याने दाखल होणारे रोज सरासरी १८.९ होते, ते १३.३ वर आले. झटके कमी झाले म्हणावं, तर लोम्बार्डीच्या चार प्रांतांत त्याच सुमारास ४० दिवसांत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडल्याच्या ३६२ घटना नोंदल्या गेल्या. आदल्या वर्षी २२९ होत्या. वाढीतले बहुतेक कोविडचे किंवा संशयित होते हे खरं, पण सगळे नव्हते.

भारतात १८७ रुग्णालयांच्या पाहणीत झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्या एक तृतीयांशाहून जास्त घटलेली दिसली. लोकल बंद, रिक्षा बंद, गल्लीतला डॉक्टर बंद. कसंबसं पोहोचलं तरी आधी कोविडचा रिपोर्ट. इकडे रक्तवाहिनी बंद पडली की हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो. उशिरा आलेला वाचला, तरी अनेकदा कमजोर हृदय घेऊन घरी जातो.

आपल्या मोहल्ल्यांत या भीतीला आणखी एक पदर होता. मार्चअखेरीस निजामुद्दीनची बातमी आली आणि वाहिन्यांनी साथीलाच मजहब चिकटवला. 'गॅस असेल' म्हणत ओवा चघळत बसलेल्या चाचांना दवाखान्यात चला म्हटलं, तर ते आधी विचारत, 'तिथे नाव विचारल्यावर काय होईल?' तबलिगी जमातीच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने रद्द केले, त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं निरीक्षणही नोंदवलं. तारीख होती २१ ऑगस्ट २०२०. एप्रिलमध्ये घरीच गेलेल्यांच्या कबरींवर तोवर पावसाळी गवत उगवलं होतं.