नदी ओळखणारी माणसं: खापरखेड्याजवळचा बिना संगम

आजचा विषय कळल्यावर काहींनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाचा आणि नदीत पोहण्याचा संबंध काय? तर प्लेटोपासूनच सुरुवात करू. त्याच्या ‘लॉज’ या ग्रंथात ग्रीकांच्या एका म्हणीचा उल्लेख आहे. अडाणी कोण, तर ज्याला ना अक्षर येतं ना पोहता येतं. बघा, दोन्ही विद्या त्यांनी एकाच पंक्तीत बसवल्या. आपण पहिल्या विद्येचा इतिहास लिहितो. शाळा कधी निघाली, छापखाना कधी आला, सगळं नोंदवतो. दुसरीचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही.

तो लिहायचा तर फार लांब जायला नको. खापरखेड्याजवळ, कामठी तालुक्यात, बिना संगम आहे. कन्हान आणि पेंच छिंदवाड्याकडून, सातपुड्यातून येतात. कोलार आपल्या सावनेरच्या बाजूची. तिघींचं पाणी या परिसरात एक होतं. धार्मिक स्नान, जनावरं धुणं, मासेमारी आणि उन्हाळ्यात पोरांचं डुंबणं, हे सगळं इथं एकाच काठावर चालत आलं.

कागदोपत्री इतिहासात काय सापडतं? 1821 मध्ये कन्हानच्या काठी कामठीची लष्करी छावणी वसली. पुढे सिल्लेवाडा, वलनी भागात कोळशाच्या खाणी आल्या. 1974 मध्ये कोराडीचं वीज केंद्र सुरू झालं. खापरखेड्याच्या आजच्या केंद्राचा पहिला संच 1989 चा, आणि आता त्याची क्षमता 1340 मेगावॅट आहे. हा सगळा नदीच्या पाण्याचा उपयोग करणाऱ्यांचा इतिहास झाला. नदीत उतरणाऱ्यांचा नाही.

गिल्बर्ट राईल या इंग्रज तत्त्वज्ञानं 1949 मध्ये एक महत्त्वाचा भेद मांडला. एखादी गोष्ट अमुक आहे हे माहीत असणं वेगळं, आणि ती कशी करायची हे येणं वेगळं. पोहणं दुसऱ्या प्रकारातलं. पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकलंय का? पाठीला वाळका भोपळा बांधून, कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या काकाच्या भरवशावर पोर शिकायचं. आणि फक्त हातपाय मारणं शिकायचं नाही, बरं का. डोह कुठं आहे, पायाखालची रेती कुठं सरकते, दोन धारा भेटतात तिथं भोवरा का पडतो, पाण्याचा रंग बदलला की वर पाऊस झालाय, हेही शिकायचं. काठावरच्या ढिवर समाजाकडं हे ज्ञान सर्वांत जास्त. ते कुठंही लिहिलेलं नाही, म्हणून आपण त्याला ज्ञान म्हणत नाही, एवढंच.

मग हे ज्ञान कमी का झालं? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं, धरणं. पेंचवर तोतलाडोह आहे, आणि त्याच्याही वर मध्य प्रदेशात चौराईचं धरण झालं. आता नदी नुसत्या पावसानं चढत नाही, दरवाजे उघडल्यावरही चढते. आभाळ बघून पाण्याचा अंदाज बांधणारा म्हातारा तिथं काय करणार?

दुसरं, रेती. यंत्रानं पात्रातली रेती उपसली की खोल खड्डे पडतात. वरून पाणी शांत, सपाट दिसतं. कालपर्यंत गुडघाभर असलेल्या जागी आज माणूस बुडतो. म्हणजे जुनी माहितीच घात करते.

तिसरं, राख. पेंचच्या काठी नांदगावला खापरखेडा केंद्राची राख टाकली जात होती. गावकऱ्यांनी तक्रारी केल्या. 2022 च्या फेब्रुवारीत तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे तिथं आले आणि राख टाकणं थांबलं. त्याच वर्षी जुलैत कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला. ती राख नाल्यावाटे कन्हानपर्यंत गेली.

आता मुद्दा असा. नदी बिघडली हे आधी कोणाला कळतं? जो पाण्यात उतरतो त्याला. अंगाला खाज सुटते, पायाला गाळ लागतो, जाळ्यात मासा येत नाही. पोहणारा हा नदीचा पहिला साक्षीदार असतो. तो उठून गेला की नदी साक्षीदाराविना राहते, आणि मग तिचं काहीही करता येतं. इकडं शहरातली तरुण पोरं सहलीला येतात, पाण्याची ओळख नसताना उतरतात, आणि बुडाल्याची बातमी येते. शोधायला मग ढिवर बांधवांनाच हाक मारतात. जिवंतपणी ज्यांना विचारलं नाही, त्यांना प्रेत काढायला बोलावतात.

‘पोहण्यास मनाई’ हा फलक आज हवाच. पण तो शेवटचा शब्द नसावा. पॅरिसमध्ये 1923 साली सीन नदीत पोहायला बंदी झाली. 2025 च्या उन्हाळ्यात तीन ठिकाणी लोक पुन्हा उतरले. मधली शंभर वर्षं नदी आपोआप सुधारली नाही. ती माणसांनी सुधारली. आपल्याकडंही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत स्नानयोग्य पाण्याचा स्वतंत्र वर्ग आहे. विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 5 मिलिग्रॅम, जैविक प्राणवायू मागणी 3 पेक्षा जास्त नको. मग हे आकडे बिन्याच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर महिन्याला का लिहू नयेत? कुठं खड्डा आहे, हे सांगायला एखाद्या जाणत्या ढिवराला मानधन देऊन का नेमू नये?

पोरानं निर्धास्त उडी मारावी अशी नदी असणं, ही चैन नाही. नदी शाबूत आहे की नाही, याचा तो सर्वांत साधा पुरावा आहे. इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.