घारापुरीची रुसलेली पार्वती

आमच्या गटाच्या बायका यंदा घारापुरीला जाऊन आलो. गेटवेवरून लाँच सुटली की साधारण तासाभराचा प्रवास. निम्म्या जणींनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. पहिल्या हेलकाव्याला हसणं बंद आणि देवाचं नाव सुरू! तुम्ही निघालात तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात.

पायऱ्या चढून मोठ्या लेण्यात शिरलो आणि सगळ्या गप्प झालो. समोर तीन मुखांचा सदाशिव, तीन पुरुष उंचीचा. सहाव्या शतकात डोंगराचा कातळ आत आत कोरत नेऊन हे काम केलं. कोणी करवून घेतलं? एक शिलालेख होता, तो पोर्तुगिजांनी काढून पोर्तुगालला पाठवला आणि तिथे हरवला. म्हणून अभ्यासकांना आज अंदाजच करावा लागतो. बरेच जण कलचुरी राजांचं नाव घेतात.

बायका रमल्या त्या पार्वतीपाशी. एका शिल्पात तिचं लग्न लागतंय, शंकराने तिचा हात धरलाय. दुसऱ्यात ती रुसून बसलीय. सारीपाटात नवऱ्याने फसवलं म्हणे! आमच्यातली एक पटकन म्हणाली, "हिचा हिशेब चुकलेला नाही, त्याचाच चुकलाय." गटाचं रजिस्टर तीच लिहिते.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो मात्र बेटावर नाही. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तो पडून फुटला. तुकडे जोडलेला हत्ती आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे.

खाली उतरताना काकडी विकणाऱ्या मावशींजवळ टेकलो. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर ही इथली तीन गावं. लेणी १९८७ साली जागतिक वारसा झाली. गावात मात्र संध्याकाळी थोडे तास जनरेटर, नंतर अंधार. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. म्हणजे एकतीस वर्षांनी! मावशी म्हणाल्या, "पाव्हणे उजेडात येतात, उजेडात जातात. अंधार आम्हीच बघितला."

हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं आम्हाला दिसलं नाही. परतीच्या लाँचमध्ये रजिस्टरवाल्या बाईने वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून मावशींचं बोलणं उतरवून घेतलं.