अलिबागचे सभास्थान

प्रभू येशू आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी नासरेथच्या सभास्थानात गेला, असे संत लूक सांगतो. हे शुभवर्तमान ऐकताना सभास्थान म्हणजे दूरच्या गालीलातील वास्तू, असे आपणास वाटते. वस्तुतः असे एक सभास्थान आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या इस्राएल आळीत, उत्तम जतन केलेले आहे. त्याचे नाव मागेन अबोथ, म्हणजे 'पूर्वजांची ढाल'. ते १८४८ साली उभे राहिले व १९१० साली त्याची पुनर्बांधणी झाली.

बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. तेलाचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. गावांच्या नावांवरून ते किहीमकर, पेणकर, रोहेकर झाले. कित्येक शतके त्यांच्यापाशी ना धर्मग्रंथ होता, ना सभास्थान. शब्बाथ, सुंता आणि 'शेमा' ही प्रार्थना अशी शिदोरी त्यांनी जपली. त्यांचे पहिले सभास्थान मुंबईत १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. अलिबागचे त्यानंतर अर्धशतकाने झाले. आधी समाज टिकला, मग वास्तू आली.

रेवदंड्याच्या कोटात याच्या उलट दृश्य दिसते. पोर्तुगीज राजसत्तेच्या आश्रयाने उभारलेल्या ख्रिस्तमंदिरांचे तेथे भग्नावशेष आहेत. १७४० साली चौल मराठ्यांकडे गेले आणि ती मंदिरे ओस पडली. त्याच वर्षी कुंडलिकेच्या मुखापलीकडील कोर्लईचा किल्लाही गेला. परंतु त्याच्या पायथ्याच्या साध्या भाविकांनी ना श्रद्धा सोडली, ना आपली पोर्तुगीज वळणाची बोली. कार्मेल मातेच्या नावाचे ख्रिस्तमंदिर आजही त्या गावात आहे.

१९४८ नंतर बेने इस्राएल कुटुंबे मोठ्या संख्येने इस्राएलला गेली. यहुदी रीतीनुसार सामुदायिक उपासनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. मागे राहिलेल्या थोड्यांमध्ये एकेकाची उपस्थिती किती मोलाची असेल! आपल्या धर्मग्रामांतूनही तरुण मंडळी मुंबईला, आखातात जात आहेत. रविवारी रिकामी बाके पाहताना आम्हांस त्या दहांची आठवण होते. मंदिराची डागडुजी वर्गणीने होईल. सभा मात्र आपण स्वतः गेल्यावाचून भरत नाही. आपण स्वतःला ख्रिस्तसभा म्हणवतो, त्या नावाची लाज राखणे आपल्याच पावलांवर आहे.