रंगाऱ्याची किटली आणि मामांची तार

भिवंडीला लागून असलेल्या राहनाळला माझ्या मामांचा यंत्रमागांचा लहानसा कारखाना होता. दिवाळीची सुट्टी आम्ही भावंडे तिथेच काढत असू. मी तेव्हा नुकताच कॉलेजात गेलो होतो आणि पदार्थविज्ञान आपल्याला पुरते कळले आहे, अशी माझी समजूत होती.

ताणा भरण्याच्या जागी एक लोखंडी चौकट रबरी पायांवर उभी असे. पॉलिएस्टरचे धागे तिच्यावरून घासत पुढे फिरत्या पिंपावर जात. तिला ना मोटर, ना विजेची जोडणी. तरी तिच्यापासून एक तांब्याची तार निघून जमिनीत गेलेली. वसुबारसेच्या साफसफाईत ती मी अडगळ समजून सोडून टाकली.

दुसऱ्या दिवशी हवा कोरडी होती. तुटलेला धागा जोडायला एका कामगाराने हात पुढे केला, तो चौकटीतून चट्‌कन ठिणगी उडाली. दचकून त्याचा हात पिंपावर गेला. बाही फाटली, हात वाचला, एवढेच दैव. मामा मला काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्यासमोर ती तार पुन्हा घट्ट बांधली. ते न बोलणेच मला अधिक लागले.

एक प्रश्न मात्र मनात राहिला. घासला गेला धागा. मग चावले लोखंड कसे?

उत्तर मला पुढे एका रंगाऱ्याच्या चरित्रात सापडले. इंग्लंडातल्या कँटरबरी गावचा स्टीफन ग्रे हा कापड रंगवणाऱ्याचा मुलगा. स्वतःही तोच धंदा करणारा. काचेची नळी घासली की ती पीस ओढते, हे तेव्हा ठाऊक होते. १७२९ साली ग्रेने पाहिले की नळीला बांधलेल्या तागाच्या दोरीतून हा गुण दूरवर जातो. दोरी आडवी टांगायला त्याने रेशमाचे धागे वापरले. भाराने रेशीम तुटले, म्हणून तितकीच बारीक पितळी तार लावली, तर सारी वीज नाहीशी! रेशीम बारीक म्हणून नव्हे, तर रेशीम आहे म्हणून वीज अडवते, आणि धातू तिला वाट देतो, हे त्या तुटलेल्या धाग्याने शिकवले.

मग त्याने घरातला चिमटा, फावडे, तांब्याची किटलीसुद्धा टांगून पाहिली. किटली रिकामी असो वा पाण्याने भरलेली, परिणाम तोच. भरीव आणि पोकळ अशा दोन लाकडी ठोकळ्यांतही त्याला फरक दिसला नाही. म्हणजे हा सारा खेळ पृष्ठभागाचा. १८३६ साली मायकेल फॅरडे बारा फुटी पिंजऱ्यात स्वतः जाऊन बसला. पिंजऱ्याला तांब्याची तार आणि धातूचा पातळ पत्रा गुंडाळलेला होता. बाहेर ठिणग्या उडत होत्या. आत त्याच्या नाजूक उपकरणांना विजेचा मागमूसही लागला नाही. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून मोकळीक मिळताच ते धातूच्या बाहेरच्या अंगावर जाऊन बसतात.

माझ्या प्रश्नाचे उत्तर त्या मोकळिकीत होते. धाग्यावरचा भार जिथल्या तिथे चिकटून राहतो. बोट लावले तर तेवढ्या जागेपुरताच सुटतो. लोखंडावरचा भार मात्र हिंडता असतो. रबराने त्याची खालची वाट अडवली की तो साठत जातो आणि बोट जवळ येताच चौकटभर पसरलेला भार एकदम त्या एका टोकाशी धावतो. तार जमिनीला जोडलेली असली, तर तो साठतच नाही.

लंडनच्या रॉयल सोसायटीने १७३१ साली आपले पहिले कॉप्ले पदक ग्रेला दिले. तरी त्याचे अखेरचे दिवस एका धर्मादाय आश्रमातच गेले आणि १७३६ साली तो वारला.

मामांनी त्याचे नाव कधी ऐकले नव्हते. मी एका दिवाळीत फराळाच्या ताटावर ही सगळी हकीकत त्यांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारले, "रंगारी होता म्हणतोस? मग सुताची पारख असणारच त्याला." एवढे बोलून ते उठले आणि कारखान्यात तार पाहायला गेले.